माजी सैनिकांचा आयकर परतावा आणि त्याची मुदत : विदर्भातील गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेहकर, दर्यापूर, पुसद, आर्वी, मूर्तिजापूर अशा तालुक्यांतील माजी सैनिक आणि वीरनारी गेली काही वर्षे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवत आहेत, ते येथे एकत्र केले आहेत. मी या मंडळींची विवरणपत्रे भरून देतो. त्यामुळे नियम काय आहे हे सांगताना तो मला कुठे अन्यायकारक वाटतो, हेही जागोजागी लिहिले आहे. आयकर अधिनियम 2025 हा 1 एप्रिल 2026 पासून लागू झाला असला तरी त्याआधीच्या वर्षांचे दावे 1961 च्या कायद्यानेच चालतात आणि येथील बहुतेक प्रश्न त्याच जुन्या वर्षांचे आहेत.

1. परतावा म्हणजे नेमके काय? नायक किंवा हवालदाराच्या पेन्शनवर कर कापलाच का जातो?

देय करापेक्षा जास्त कर कापला गेला असेल, तर ती जादा रक्कम विवरणपत्र भरून परत मागता येते. तिलाच परतावा म्हणतात. शिपाई किंवा नायक हुद्द्यावरून आलेल्या माणसाला नुसत्या पेन्शनवर बहुधा कर बसत नाही. तरीही कपात होते, ती साधारणतः तीन वाटांनी होते. पहिली म्हणजे पॅन नोंदलेला नसतो किंवा जुळत नाही, आणि मग 20 टक्के दराने कपात होते. दुसरी म्हणजे अनेक वर्षांची थकबाकी एकाच वर्षात जमा होते आणि त्या वर्षाचे उत्पन्न फुगते. तिसरी वाट सर्वांत जास्त दुखावणारी आहे. जी पेन्शन कायद्याने करमुक्त आहे, तिची नोंद पेन्शनच्या प्रणालीत साधी पेन्शन म्हणून होते आणि पुढची अनेक वर्षे ती तशीच चालते.

2. परतावा मागण्याची मुदत किती?

ज्यांना व्यवसायाचे उत्पन्न नाही आणि हिशेबतपासणी लागत नाही त्यांच्यासाठी विवरणपत्राची नेहमीची तारीख 31 जुलै आहे. ती चुकली तर त्याच कर निर्धारण वर्षातील (म्हणजे कमाईच्या आर्थिक वर्षानंतर लगेच येणाऱ्या वर्षातील) 31 डिसेंबरपर्यंत उशिराचे विवरणपत्र भरता येते. त्यालाही परतावा मिळतो, मात्र उत्पन्न करपात्र मर्यादेपेक्षा जास्त असल्यास विलंब शुल्क लागते. एकूण उत्पन्न 5 लाखांपर्यंत असेल तर हे शुल्क 1,000 रुपये आणि त्यापुढे 5,000 रुपये असते. सरकार एखाद्या वर्षी तारीख वाढवते, म्हणून त्या वर्षाची घोषणा पाहून घ्यावी. 31 डिसेंबरही निघून गेला असेल तर प्रश्न 6 पाहावा.

आपल्याकडे 31 जुलै हा सोयाबीनच्या डवरणीचा आणि निंदणाचा काळ असतो, तर डिसेंबरमध्ये कापसाची वेचणी सुरू असते. तालुक्याला जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी किंवा एका दिवसाचे काम बुडते. मुदत चुकवणारा प्रत्येक जण बेफिकीर असतो, असे मानणाऱ्यांनी हे पंचांग एकदा पाहावे.

3. माझ्या पेन्शनचा कोणता भाग करमुक्त आहे?

विकलेली पेन्शन, म्हणजे निवृत्तीच्या वेळी एकरकमी घेतलेला भाग, सैन्यातील व्यक्तीसाठी पूर्णपणे करमुक्त आहे. ग्रॅच्युइटीही तशीच आहे. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र आणि अधिसूचित केलेली इतर शौर्यपदके मिळालेल्यांची पेन्शन करमुक्त असून त्यांच्या पश्चात कुटुंबाला मिळणारे निवृत्तिवेतनही करमुक्त राहते. कर्तव्यावर असताना विशिष्ट परिस्थितीत वीरमरण आलेल्या जवानाच्या पत्नीला, मुलांना किंवा नामनिर्देशित वारसाला मिळणाऱ्या कौटुंबिक निवृत्तिवेतनालाही सूट आहे. कलम 10(19) मध्ये निमलष्करी दलांचा स्पष्ट उल्लेख असल्यामुळे केंद्रीय राखीव पोलीस दलातील जवानाच्या घरालाही ती सूट मिळते. हे अनेक घरांना सांगितलेच गेलेले नाही.

सैनिकी सेवेमुळे आलेल्या किंवा तिच्यामुळे वाढलेल्या अपंगत्वामुळे बोर्ड आउट झालेल्या, म्हणजे वैद्यकीय बोर्डाने सेवेतून कमी केलेल्या, सैनिकाची पेन्शन संपूर्ण करमुक्त आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 2 जुलै 2001 च्या सूचनेत अपंगत्वाचा भाग आणि सेवेचा भाग असे दोन्ही करमुक्त असल्याचे म्हटले आहे. नुसता अपंगत्वाचा भाग वगळून सेवेच्या भागावर कर कापला गेला असेल, तर तो परत मागण्याचा तुमचा हक्क आहे.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असते, पण इतर उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर कराचा दर ठरवताना ते हिशेबात धरले जाऊ शकते. म्हणून विवरणपत्रात ते दाखवावे.

4. मी पूर्ण सेवा करून निवृत्त झालो, पण मला अपंगत्वाचा भागही मिळतो. तो करमुक्त आहे का?

मंडळाच्या 24 जून 2019 च्या परिपत्रक क्रमांक 13 नुसार ही सूट फक्त अपंगत्वामुळे सेवेतून कमी केलेल्यांना आहे. वयोमानाने किंवा सेवेची मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना ती लागू होत नाही. या परिपत्रकाला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तेव्हा तुमच्या डिस्चार्ज बुकात कमी होण्याचे कारण कोणत्या शब्दांत लिहिले आहे ते आधी वाचा आणि मगच दावा करा. एकाच लढाईत पाय गमावलेल्या दोघांपैकी जो जिद्दीने कार्यालयीन कामावर टिकून राहिला त्याने कर भरावा आणि ज्याला घरी पाठवले त्याने भरू नये, हा भेद मला पटत नाही. तरीही विवरणपत्र आजच्या नियमानेच भरावे लागते.

5. मुदत गेल्यावर अद्ययावत विवरणपत्र भरून परतावा मिळतो, असे सेवा केंद्रात सांगितले. खरे आहे का?

खरे नाही. अद्ययावत विवरणपत्र हे राहून गेलेले उत्पन्न दाखवून जादा कर भरण्यासाठी आहे. परतावा मागण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी ते वापरता येत नाही. त्यासाठी प्रश्न 6 मधील मार्गच घ्यावा लागतो.

6. 31 डिसेंबरही गेला. आता माझा पैसा बुडाला का?

बुडाला नाही. 1961 च्या कायद्यातील कलम 119(2)(ब) नुसार, खरीखुरी अडचण असेल तर उशीर माफ करून परताव्याचा दावा स्वीकारता येतो. मंडळाच्या 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रक क्रमांक 11 ने त्याची पद्धत ठरवली आहे. दाव्याची रक्कम 1 कोटीपर्यंत असेल तर निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त घेतात, म्हणजे आपल्या सगळ्यांचे अर्ज याच पातळीवर निकाली निघतात. अर्जाचा निर्णय शक्यतो 6 महिन्यांत व्हावा, असेही त्यात म्हटले आहे.

आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करून सेवांच्या यादीतील विलंब माफीच्या विनंतीतून अर्ज करावा. सोबत पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुकाचे संबंधित पान, वैद्यकीय बोर्डाची कागदपत्रे, त्या वर्षाचा फॉर्म 16 किंवा फॉर्म 26एएस (कापलेल्या कराची नोंद), परताव्याचा हिशेब आणि उशीर का झाला याचे तारीखवार निवेदन जोडावे. अर्जाचा जीव या निवेदनातच असतो. «मला माहिती नव्हती» एवढेच लिहून भागत नाही. माहिती कधी झाली, कोणत्या कागदाने झाली आणि त्यानंतर किती दिवसांत अर्ज केला, हे लिहावे लागते.

मागच्या हिवाळ्यात घाटाखालच्या एका गावाहून एक निवृत्त हवालदार आले होते. खताच्या रिकाम्या पोत्याचा तुकडा शिवून केलेल्या पिशवीत त्यांनी सगळे कागद आणले होते. पीपीओ इतका वेळा घडी घातलेला होता की घडीवरची ओळ पुसून गेली होती, आणि नेमकी त्याच ओळीत अपंगत्वाची टक्केवारी होती. त्यांनी तिची दुसरी प्रत मागवली, ती यायला 4 महिने लागले आणि तोवर एका वर्षाची मुदत संपली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की पीपीओची झेरॉक्स आजच काढा आणि मूळ कागद सपाट ठेवा.

आयुक्तांचा मंजुरी आदेश आला म्हणजे काम संपले असे नाही. त्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख टाकून पोर्टलवर विवरणपत्र भरावे लागते आणि 30 दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडला असेल तर ओटीपी येत नाही, अशा वेळी सही केलेली पोच स्पीड पोस्टाने बंगळुरूच्या केंद्राकडे पाठवावी. पडताळणी राहिली तर भरलेले विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाते.

7. किती वर्षे मागे जाता येते आणि ती वर्षे कशी मोजायची?

कर निर्धारण वर्षाच्या अखेरीपासून 5 वर्षे. आर्थिक वर्ष 2020-21 चे कर निर्धारण वर्ष 2021-22 असते. ते 31 मार्च 2022 ला संपते, म्हणून त्याचा अर्ज 31 मार्च 2027 पर्यंत करता येतो. प्रत्येक वर्षासाठी अशीच वेगळी मोजणी करावी. 2015 च्या परिपत्रक क्रमांक 9 नुसार ही मुदत 6 वर्षांची होती. 1 ऑक्टोबर 2024 पासून आलेल्या अर्जांसाठी ती 5 वर्षांची झाली. ज्याला एकेका कागदासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते, त्याच्या हातातून त्या दिवशी पूर्ण एक वर्ष निसटले.

8. माझे अपंगत्व सेवेमुळे आले असल्याचा निर्णय सशस्त्र दल न्यायाधिकरणाने कित्येक वर्षांनी दिला. मधल्या वर्षांत कापलेल्या कराचे काय?

हा या पानावरचा सर्वांत अवघड आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे. बोर्ड आउट झालेल्या जवानाचे अपंगत्व सेवेशी संबंधित नाही, असे आधी ठरवले जाते. त्यामुळे त्याला मिळणारे पैसे साधी पेन्शन धरून त्यावर कर कापला जातो. तो न्यायाधिकरणात जातो आणि अनेक वर्षांनी जिंकतो. आता कायद्याच्या दृष्टीने ती पेन्शन पहिल्या दिवसापासून करमुक्त होती, पण सुरुवातीच्या वर्षांची 5 वर्षांची मुदत दावा चालू असतानाच संपून गेलेली असते.

परिपत्रकात यावर एक तरतूद आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नाही. परताव्याचा दावा न्यायालयाच्या आदेशामुळे निर्माण झाला असेल, तर प्रकरण प्रलंबित असलेला काळ 5 वर्षांतून वगळायचा असतो. अट एवढीच की, ज्या महिन्यात आदेश झाला त्या महिन्याच्या अखेरीपासून 6 महिने किंवा ते आर्थिक वर्ष संपण्याची तारीख, यांपैकी जी नंतर येईल तोवर अर्ज केला पाहिजे. म्हणून आदेश हातात पडला की पेढे वाटण्याआधी ही तारीख कॅलेंडरवर लिहावी. आदेश ऑगस्टमध्ये झाला असेल, तर 6 महिने फेब्रुवारीअखेर संपतात आणि आर्थिक वर्ष 31 मार्चला, म्हणून अर्जासाठी 31 मार्चपर्यंत वेळ असतो. आदेश डिसेंबरमध्ये झाला असेल तर 30 जूनपर्यंत.

अडचण शब्दांत आहे. परिपत्रकात न्यायालय हा शब्द आहे, न्यायाधिकरणाचा वेगळा उल्लेख नाही. सैनिकांचे सेवेचे आणि पेन्शनचे दावे ऐकण्यासाठी 2007 च्या कायद्याने हे न्यायाधिकरण निर्माण झाले, आणि जे काम पूर्वी उच्च न्यायालयात चालत असे तेच तेथे चालते. तेव्हा त्याच्यापुढे गेलेला काळही वगळावा, असा मुद्दा अर्जात स्पष्टपणे मांडावा आणि दावा दाखल केल्याची व निकालाची तारीख ठळकपणे लिहावी.

दुसरी अडचण प्रशासकीय पत्राच्या रूपाने येते. दावा न करताच अपील समितीने किंवा नव्या वैद्यकीय बोर्डाने अपंगत्व मान्य केले, तर न्यायालयीन आदेश नसल्यामुळे ही सवलत मिळत नाही. म्हणजे जो भांडला नाही, ज्याने विभागावर विश्वास ठेवून वाट पाहिली, त्याचेच नुकसान होते.

9. चूक पेन्शन देणाऱ्या कार्यालयाची, मुदत मात्र माझी. हे न्यायाचे आहे का?

माझ्या मते नाही. मुदत असू नये असे मी म्हणत नाही, कारण सरकारलाही कधीतरी हिशेब बंद करावा लागतो. पण घड्याळ केव्हा सुरू व्हावे, हा खरा प्रश्न आहे. ज्या दिवशी सैनिकाला त्याचा हक्क लेखी कळतो, त्या दिवसापासून मुदत मोजली पाहिजे. त्याला कळण्याआधीच ती संपत असेल, तर ती मुदत त्याच्यासाठी कधी नव्हतीच.

असे करता येते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. तेथील संरक्षण विभागाने 1991 पासून, लढाईशी संबंधित दुखापतीमुळे सेवेतून कमी झालेल्या सैनिकांना मिळणाऱ्या एकरकमी रकमेवर चुकीने कर कापला होता. परताव्याची नेहमीची 3 वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. 2016 मध्ये वेगळा कायदा करून विभागालाच अशा सैनिकांना शोधून पत्र पाठवण्याची सक्ती केली गेली, आणि पत्राच्या तारखेपासून 1 वर्ष दाव्यासाठी दिले गेले. जुलै 2018 मध्ये 1,30,000 हून अधिक पत्रे गेली. ज्यांच्याकडे जुने कागद उरले नव्हते त्यांना त्या त्या काळानुसार 1,750, 2,400 किंवा 3,200 डॉलरची ठरावीक रक्कम मागता आली. आपल्याकडे अर्जाचा, कागद शोधण्याचा आणि उशीर समजावून सांगण्याचा असा सगळा भार जखमी माणसावर आहे. तेथे तो चूक करणाऱ्या विभागावर टाकला गेला, आणि मला तेच योग्य वाटते.

आपल्या देशातही ही कल्पना परकी नाही. 1925 चा भारतीय सैनिक दावा अधिनियम विशेष परिस्थितीत सेवा करणाऱ्या सैनिकाचा तो काळ न्यायालयीन मुदतीतून वगळतो. म्हणजे सीमेवर असलेल्या माणसाला घरच्या तारखा पाळता येत नाहीत, हे कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच मान्य केले. शेताच्या धुऱ्याच्या वादात सैनिकाला जे संरक्षण मिळू शकते, ते आयकराच्या परताव्यात मिळत नाही.

2025 मध्ये तर याहून वाईट घडता घडता राहिले. नव्या आयकर विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात, विवरणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत भरले तरच परतावा मागता येईल, असे कलम होते. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील संसदेच्या प्रवर समितीने ते वगळण्याची शिफारस केली आणि ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर झालेल्या कायद्यातून ते गेले. ते राहिले असते, तर प्रश्न 2 मधील 31 डिसेंबरची वाटही बंद झाली असती.

10. उशिरा मिळालेल्या परताव्यावर व्याज मिळते का?

वेळेवर भरलेल्या विवरणपत्राच्या परताव्यावर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. उशिराच्या विवरणपत्रात ते भरल्याच्या तारखेपासून मिळते. विलंब माफीतून मिळालेल्या परताव्यावर मात्र व्याज नाही, असे परिपत्रकात स्पष्ट लिहिले आहे. नागरिकाकडून देय कर भरायला उशीर झाला तर त्याच्याकडून दरमहा 1 टक्का घेतला जातो, आणि सरकारने चुकीने कापून वापरलेल्या पैशावर एक रुपयाही नाही. निदान कपातीची चूक सरकारी कार्यालयाची असल्याचे कागदोपत्री सिद्ध होते तेथे तरी व्याज दिले पाहिजे.

11. पती वारले. त्यांच्या पेन्शनवर कापलेला कर मला परत मिळेल का?

मिळेल. पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून तुम्ही त्यांचे विवरणपत्र किंवा विलंब माफीचा अर्ज भरू शकता. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारसाचा पुरावा लागतो. कौटुंबिक निवृत्तिवेतनासाठी तुमचे नाव असलेला पीपीओ येथे फार उपयोगी पडतो. 5 वर्षांची मोजणी मात्र थांबत नाही, म्हणून वर्ष सरण्याची वाट न पाहता सुरुवात करावी.

तुम्हाला स्वतःला मिळणारे कौटुंबिक निवृत्तिवेतन वेगळ्या शीर्षाखाली येते आणि त्यातून ठरावीक वजावट मिळते. ते संपूर्ण करमुक्त केव्हा असते, ते प्रश्न 3 मध्ये आहे.

12. समान पद समान पेन्शनची थकबाकी आली आणि त्या वर्षी कर कापला गेला. काही उपाय?

1 जुलै 2019 पासूनच्या सुधारणेची थकबाकी कधी द्यायची, याचे वेळापत्रक सर्वोच्च न्यायालयाने 20 मार्च 2023 रोजी ठरवून दिले होते. त्यामुळे अनेकांच्या खात्यात मागील वर्षांचे पैसे 2023-24 या एकाच वर्षात आले. अशी थकबाकी ज्या त्या वर्षात वाटून कर मोजण्याची सवलत कलम 89 मध्ये आहे. तिच्यासाठी विवरणपत्राआधी फॉर्म 10ई ऑनलाइन भरावा लागतो. तो न भरता नुसतीच सवलत मागितली तर ती नाकारली जाते.

13. परतावा मंजूर झाल्याचा संदेश आला, पण खात्यात पैसे नाहीत.

बहुधा खात्याची पूर्वपडताळणी झालेली नसते, पॅन आधारशी जोडलेले नसते किंवा बँकेचा आयएफएससी बदललेला असतो. 1 मे 2025 रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आणि आपल्या गावांतली कितीतरी पेन्शन खाती तिच्यात आहेत. पासबुकावरचा नवा कोड पाहून पोर्टलवर खात्याची पुन्हा पडताळणी करावी आणि परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती टाकावी. यासाठी विलंब माफीची गरज नसते.

14. एक जण म्हणतो, मोठा परतावा काढून देतो, त्यातले 20 टक्के मला द्या. करू का?

करू नका. असा माणूस नसलेले अपंगत्व किंवा खोट्या वजावटी दाखवून रक्कम फुगवतो. पकडले गेल्यावर सही तुमची असते. चुकीची माहिती देऊन कर बुडवल्यास त्या कराच्या 200 टक्के दंड होऊ शकतो. खऱ्या दाव्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कागद मिळवायला मदत मागा आणि विवरणपत्रासाठी ठरावीक शुल्क घेणाऱ्याकडेच जा. पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही देऊ नका.

15. आयुक्तांनी विलंब माफीचा अर्ज फेटाळला. पुढे काय?

या आदेशावर नेहमीचे अपील नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते आणि आपल्यासाठी ते नागपूर खंडपीठ आहे. अडचण ठरवताना अधिकाऱ्याने उदार दृष्टी ठेवावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने सीतलदास मोटवानी यांच्या प्रकरणात म्हटले आहे आणि वकील त्याचा आधार घेतात. रक्कम लहान असेल तर याचिकेचा खर्च परताव्यापेक्षा जास्त होऊ शकतो, हे आधी बसून मोजावे. नकाराचा आदेश त्रोटक असेल, कारणे दिलेली नसतील किंवा तुमचे म्हणणे ऐकूनच घेतले नसेल, तर याचिकेला बळ मिळते. म्हणून सुनावणीची नोटीस आली तर नागपूरला जाणे टाळू नये, आणि काय सांगितले ते त्याच दिवशी लेखी देऊन आवक शिक्का मारलेली प्रत सोबत घेऊनच परतावे.